शाखांच्या राऊटरवरून पिंगची तपासणी आपोआप कशी लावावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली एक पतसंस्था, २२ शाखा, मुख्य कार्यालय आणि सर्व्हर बीडला. बहुतेक शाखांत सिस्कोचे जुने राऊटर आहेत. फायबर पोचलं नाही अशा पाच-सहा गावांत फोरजी सिमवर मायक्रोटिक कंपनीचे राऊटर चालतात. रात्री रूटिंगमध्ये किंवा फायरवॉलमध्ये काही बदल केला की सकाळी शाखा उघडायच्या आत प्रत्येक राऊटरवर लॉगिन करून हाताने पिंग मारावे लागतात, म्हणजे समोरच्या मशीनला लहान पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघावं लागतं. विचारणाऱ्याच्या तीन अडचणी आहेत. हे आपोआप कसं करावं, स्क्रिप्ट राऊटरवर ठेवावी की मुख्य कार्यालयातल्या मशीनवर? पिंग शंभर टक्के येत असूनही नऊ वाजता काउंटरवरून "साहेब, सॉफ्टवेअर चालंना गेलंय" असा फोन का येतो? आणि फोरजीच्या शाखा बंद पडल्या की बीडहून दिसतच नाहीत, त्यांचं काय?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर लागल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही. चुकीची तपासणी आपोआप केली की चुकीचंच उत्तर रोज सकाळी हिरव्या अक्षरांत येऊ लागतं आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास बसतो. हे हाताने पिंग मारण्यापेक्षा घातक आहे.

समजा गेवराई शाखेच्या लॅनची, म्हणजे शाखेतल्या अंतर्गत नेटवर्कची, पत्त्यांची मालिका १०.२०.५.० आहे, टनेलच्या (शाखा आणि बीड यांना जोडणारा खासगी रस्ता) गेवराईकडच्या टोकाला १७२.१६.०.१० हा पत्ता आहे आणि बीडचा सर्व्हर १०.१.१.२० वर आहे. गेवराईच्या राऊटरवर नुसतं "पिंग १०.१.१.२०" दिलं तर पॅकेट ज्या इंटरफेसमधून (राऊटरच्या जोडणीतून) बाहेर पडतं त्याचाच पत्ता घेऊन निघतं, म्हणजे १७२.१६.०.१०. बीडच्या राऊटरला ही मालिका थेट जोडलेली आहे, त्यामुळे उत्तर विनातक्रार परत येतं. काउंटरवरच्या मशीनचा पत्ता मात्र १०.२०.५.११ आहे. त्या मालिकेचा परतीचा रूट कालच्या बदलात उडाला असेल, किंवा फायरवॉलच्या नव्या नियमात ती मालिका घालायची राहिली असेल, तर राऊटरचं पिंग शंभर टक्के येईल आणि काउंटर बंद राहील. तुम्ही सर्व्हरपर्यंतचा रस्ता तपासलात, पण रांगेत उभ्या असलेल्या खातेदाराचं काम ज्या पत्त्यावरून होतं त्या पत्त्याला परत यायचा रस्ता तपासलाच नाही.

म्हणून पहिला नियम, आणि यात मी कधीच सूट देत नाही: शाखेच्या राऊटरवरून मारलेल्या प्रत्येक पिंगला सोर्स, म्हणजे निघण्याचा पत्ता, द्या, आणि तो सोर्स लॅनचा इंटरफेस असू द्या. "पिंग १०.१.१.२० सोर्स व्हीलॅन १०" एवढाच फरक आहे; व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग. व्हीआरएफ, म्हणजे एकाच राऊटरवर वेगवेगळी रूटिंग टेबलं, वापरत असाल तर पिंगमध्ये व्हीआरएफचं नाव देणंही तितकंच गरजेचं, नाहीतर राऊटर ग्लोबल टेबलात रस्ता शोधतो आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

सोर्स दिला तरी एक भोक उरतं, ते माहीत असू द्या. सिस्कोच्या राऊटरवर बाहेर जाणाऱ्या दिशेला लावलेली एसीएल, म्हणजे कुठली पॅकेट जाऊ द्यायची याची नियमयादी, राऊटरने स्वतः तयार केलेल्या पॅकेटला लागू होत नाही. लॅनवर आत येणाऱ्या दिशेला लावलेली एसीएलही अशा पॅकेटच्या वाटेत येत नाही, कारण ते लॅनमधून आलेलंच नसतं. पॉलिसी रूटिंगचंही (आपण घातलेल्या नियमांनी वाट ठरवणं) तसंच, राऊटरच्या स्वतःच्या पॅकेटसाठी ते वेगळं लावावं लागतं. त्यामुळे एसीएलमध्ये बदल केला असेल त्या दिवशी राऊटरवरची तपासणी पुरेशी धरू नका. दोन-तीन शाखांत काउंटरच्याच स्विचला लावलेलं एखादं छोटं लिनक्स मशीन ठेवा आणि तीच यादी तिथूनही चालवा. जुना डेस्कटॉप चालतो, रास्पबेरी पायही चालतो.

आता पॅकेटच्या आकाराकडे येतो, कारण "पिंग येतंय पण सॉफ्टवेअर चालत नाही" यातली सगळ्यात फसवी केस इथे असते. एका शाखेत मी ही जवळून पाहिली आहे. इंटरनेट पुरवणारा बदलला, टनेल उभा राहिला, पिंग शंभर टक्के. काउंटरवर लॉगिनचं पान उघडायचं, नाव-पासवर्ड जायचा, खातेदाराचं नाव दिसायचं. खातेउतारा मागितला की मात्र पडदा तिथेच थिजायचा. शाखेतले लोक सर्व्हरला दोष देत होते, सर्व्हरवाले नेटला. सिस्कोचं साधं पिंग १०० बाइटचं असतं. लॉगिनचं पॅकेटही लहानच. खातेउतारा मात्र भरलेल्या पॅकेटांनी येतो. तिथे साइज वाढवत आणि डीएफ बिट लावून पिंग मारले. डीएफ म्हणजे वाटेत कुणी पॅकेटचे तुकडे करू नयेत ही सूचना. १३०० पर्यंत उद्गारचिन्हं (उत्तर आलं) येत होती, १४०० ला सलग ठिपके (उत्तर नाही). वाटेत कुठेतरी क्षमता कमी होती, आणि "पॅकेट मोठं आहे, लहान करून पाठवा" हे सांगणारा आयसीएमपीचा (पिंग ज्यावर चालतं तोच प्रोटोकॉल) संदेश कुणीतरी अडवून ठेवला होता. तो संदेश आला असता तर ठिपक्याऐवजी एम हे अक्षर दिसलं असतं आणि मशीनने आपणहून पॅकेट लहान केलं असतं. टनेलची एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १३०० केली, टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधला कमाल डेटा, १२६० वर बांधला, म्हणजे १३०० मधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट वजा. खातेउतारा लगेच यायला लागला.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणासाठी दोन पिंग ठेवा: एक साधं, एक मोठं आणि डीएफ लावलेलं. मोठ्याचा आकार तुमच्या टनेलवर जी एमटीयू बांधली आहे तेवढा ठेवा. नुसत्या जीआरई टनेलचे २४ बाइट जातात म्हणून १४७६ उरतात, त्यावर आयपीसेकचं एन्क्रिप्शन असेल तर बरेच जण १४०० ची एमटीयू आणि १३६० चा एमएसएस ठेवतात. इथे एक घोळ नेहमी होतो. सिस्कोवर दिलेली साइज आयपीच्या शीर्षकासह असते. विंडोज आणि लिनक्सवर ती फक्त आतल्या डेटाची असते, त्यात आणखी २८ बाइट मिळवावे लागतात. म्हणून राऊटरवरचं १५०० आणि विंडोजवरचं १४७२ हे एकच पॅकेट आहे. दोघांची आकडेवारी एका तक्त्यात भरताना हे सांभाळा.

किती पॅकेट पाठवायची, यावर लोक फारसा विचार करत नाहीत. सिस्कोचं पिंग पाच पॅकेट पाठवतं. लिंकवर दोन टक्के पॅकेट गळत असतील, आणि एवढ्या गळतीने टीसीपीचा वेग चांगलाच बसतो, तर पाचच्या पाच परत यायची शक्यता ०.९८ चा पाचवा घात म्हणजे सुमारे ९० टक्के. दहापैकी नऊ सकाळी तुमची तपासणी "सगळं ठीक" म्हणेल. १०० पॅकेट पाठवली तर सगळी स्वच्छ परत यायची शक्यता १३ टक्क्यांवर येते. त्यामुळे "रस्ता आहे का" यासाठी पाच पुरेत, "रस्ता चांगला आहे का" यासाठी शंभर पाठवा, पण ते सर्व्हरसारख्या शेवटच्या टोकाला. मधल्या राऊटरना शंभर पिंग मारून गळती मोजू नका. राऊटर स्वतःला आलेल्या पिंगला सवडीने उत्तर देतो, बऱ्याचदा मर्यादा घालून देतो, आणि पलीकडे जाणारी वाहतूक मात्र नीट पुढे ढकलत असतो. ट्रेसरूटमध्ये (वाटेतले राऊटर एकेक करून दाखवणारी कमांड) मधल्या एका ओळीवर चांदण्या दिसल्या आणि पुढच्या ओळी नीट आल्या, तर ती गळती नव्हे.

याच्या उलट पहिलं पॅकेट. शांत पडलेल्या शाखेत पहिलं पिंग एआरपीत, म्हणजे समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात, जातं, म्हणून ठिपका आणि मग चार उद्गारचिन्हं, निकाल ८० टक्के. हे बिघाडाचं लक्षण नाही. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ठिकाणाला आधी दोन पॅकेटचं एक पिंग मारून त्याचा निकाल टाकून द्या आणि खरी मोजणी त्यानंतर करा. हे केलं नाही तर रोज सकाळी पिवळे शेरे दिसतात, आठवड्याभरात लोक ते बघायचे सोडतात, आणि मग खरा पिवळा शेराही कुणी बघत नाही.

पिंग हे मुळात किती मर्यादित हत्यार आहे हे लक्षात ठेवा. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं, अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, एका नेटवर्कच्या विचित्र वागण्याचा छडा लावायला. पाणबुडीच्या सोनारवरून नाव ठेवलं. हाक मारायची आणि प्रतिध्वनी येतो का बघायचं, एवढंच त्याचं काम. सर्व्हरचं ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असेल तर प्रतिध्वनी येतो, वरचं ॲप्लिकेशन मेलेलं असलं तरी. म्हणून सर्व्हरसाठी पोर्टही तपासा. राऊटरवरून टेलनेट कमांडला पत्ता, पोर्ट ४४३ आणि सोर्स इंटरफेस दिला की टीसीपी जोडणी होते की नाही कळतं. "ओपन" आलं की लगेच तोडा. आयपी एसएलए या सिस्कोच्या अंगभूत तपासणीत टीसीपी कनेक्टचा वेगळा प्रकारच आहे, तो जास्त नेटका. शाखेतली मशीन सर्व्हर नावाने शोधत असतील तर डीएनएसची एक ओळही यादीत हवी.

आता यादी. मला सगळ्यात जास्त आग्रह याचाच आहे, आणि लोक सगळ्यात कमी वेळ यालाच देतात. स्क्रिप्टची पहिली ओळ लिहायच्या आधी एक तक्ता करा: कुठल्या शाखेवरून, कुठल्या सोर्सने, कुठल्या पत्त्याला, कुठल्या प्रकारे, आणि अपेक्षित उत्तर काय. शेवटचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. त्यात फक्त "पोचायला हवं" नसतं, "पोचायला नको" हेही असतं. शाखेत पाहुण्यांसाठी वायफाय असेल तर त्या व्हीलॅनच्या सोर्सने सर्व्हरला मारलेलं पिंग अपयशीच व्हायला हवं. सीसीटीव्हीच्या व्हीलॅनमधून सर्व्हर दिसायला नको. माजलगावच्या काउंटरला धारूरच्या काउंटरचं मशीन दिसायची गरजच नाही. बदल करताना रस्ता बंद पडला तर नऊ वाजता फोन येतो. नको तो रस्ता उघडा राहिला तर फोन येत नाही, तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. पैशाचा व्यवहार असलेल्या जागी हे जास्त गंभीर आहे. बंदीचे हे नियम शाखेच्याच राऊटरवर असतील तर वर सांगितलेलं भोक इथेही लागू होतं, तेव्हा या ओळी त्या लिनक्स मशीनवरून चालवा. नियम बीडच्या फायरवॉलवर असतील तर राऊटरवरून चालतात.

सगळ्या शाखांनी सगळ्या शाखांना पिंग मारायची हौस करू नका. २२ गुणिले २१ म्हणजे ४६२ जोड्या, त्यातल्या बहुतेकांचा कुणाला उपयोग नाही. प्रत्येक शाखेवरून सहा ओळी धरल्या, म्हणजे सर्व्हर साधं, सर्व्हर मोठं, सर्व्हरचं पोर्ट, डीएनएस, पर्यायी सर्व्हर आणि एक नकाराची ओळ, तर १३२ होतात. पुरेशा आहेत.

स्क्रिप्ट कुठे ठेवायची? बदलानंतरची तपासणी मुख्य कार्यालयातल्या मशीनवरून चालवा आणि चोवीस तासांची राखण राऊटरवर ठेवा. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच हत्याराने करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

अगदी आज रात्रीच काही हवं असेल तर सिस्कोच्या टीसीएल या स्क्रिप्ट भाषेच्या शेलमध्ये फॉर-ईचचा फेरा लावून पत्त्यांची यादी एका झटक्यात पिंग करता येते. नोटपॅडमध्ये लिहायचं आणि टर्मिनलवर चिकटवायचं. प्रयोगशाळेत शिकणारी पोरं हे रोज करतात. पण निकाल डोळ्यांनी वाचावा लागतो आणि २२ राऊटरवर लॉगिन करणं काही टळत नाही. म्हणून हा तात्पुरता इलाज समजा.

पक्कं काम पायथन आणि नेटमिकोने (राऊटरवर लॉगिन करून कमांड देणारी पायथनची लायब्ररी) करा. तक्ता सीएसव्हीत, स्क्रिप्ट तो वाचते, एसएसएचने प्रत्येक राऊटरवर जाते, त्या शाखेच्या सगळ्या ओळी चालवते, निकाल अपेक्षेशी ताडून लिहिते. अन्सिबल किंवा नॉर्निर या साधनांनीही हेच होतं, हातात जे आहे ते घ्या. खाचखळगे मात्र सगळीकडे तेच आहेत.

पहिली खाच वेळेची. सिस्कोचं पूर्ण अपयशी पिंग म्हणजे पाच पॅकेट, प्रत्येकी दोन सेकंदांची वाट, एकूण १० सेकंद. नेटमिकोच्या चौथ्या आवृत्तीपासून एका कमांडच्या उत्तराची वाट बघायची मूळ मर्यादाही १० सेकंदच आहे. म्हणजे नेमकं जे पिंग पूर्ण अपयशी होतं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथेच स्क्रिप्ट टाइमआउट म्हणून कोसळू शकते. सुरळीत दिवशी हे कधी कळत नाही. मर्यादा ३० सेकंदांच्या वर न्या, शंभर पॅकेटच्या ओळीसाठी आणखी वर, आणि पिंगला टाइमआउट एक सेकंद द्या.

दुसरी खाच निकाल वाचण्याची. यश असलं की शेवटच्या ओळीत टक्केवारी, कंसात मिळालेली आणि पाठवलेली पॅकेट, आणि पुढे किमान, सरासरी, कमाल वेळ असते. शून्य टक्के असेल तर ओळ कंसातल्या शून्य भागिले पाचवरच संपते, वेळेचा भाग येतच नाही. तिन्ही वेळा शोधणारी रेजेक्स (मजकुरात शोधायचा नमुना) तिथे रिकामी परत येते आणि कच्ची लिहिलेली स्क्रिप्ट ती ओळच वगळते. मग अहवालात ती शाखा लाल दिसण्याऐवजी दिसतच नाही. म्हणून ओळी मोजा: तक्त्यात १३२ आहेत तर अहवालात १३२ च यायला हव्यात. लॉगिनच झालं नाही तर त्या शाखेच्या सहाही ओळींपुढे "लॉगिन नाही" असं लिहून या.

तिसरी, व्हीटीवाय लाइन, म्हणजे राऊटरवर दुरून लॉगिन करायच्या जागा. अनेक छोट्या राऊटरवर एकाच वेळी पाचच लॉगिन चालतात. स्क्रिप्टने प्रत्येक ओळीसाठी वेगळं सेशन उघडलं आणि नीट बंद केलं नाही तर अडचणीच्या क्षणी तुम्हालाच आत जाता येत नाही. एका राऊटरला एक सेशन, त्यातच सगळ्या ओळी, शेवटी बंद. समांतर काम राऊटरा-राऊटरांत वाटा, आठ-आठच्या टोळीने. एकामागून एक केलं आणि बीडचाच रूट गेला असेल, तर १३२ ओळी गुणिले १० सेकंद म्हणजे २२ मिनिटं निव्वळ वाट बघण्यात जातील.

चौथी, पासवर्ड. स्क्रिप्टमध्ये लिहू नका आणि स्वतःचा ॲडमिन युजर वापरू नका. तपासणीसाठी वेगळा युजर करा. सोर्स, साइज असे पर्याय द्यायला सिस्कोवर प्रिव्हिलेज मोड लागतो, तेव्हा टॅकॅक्स या लॉगिनचे अधिकार ठरवणाऱ्या सर्व्हरवरून किंवा प्रिव्हिलेज लेव्हल वाटून त्या युजरला पिंग, ट्रेसरूट, टेलनेट आणि शो एवढंच उघडं ठेवा. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलमधून राऊटरला पिंग मारायला लावायचीही सोय आहे, २००० सालच्या आरएफसी २९२५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) आणि नंतर २००६ च्या ४५६० मध्ये ती मांडली आहे. पण त्यासाठी एसएनएमपीला लिहायचा अधिकार द्यावा लागतो. पतसंस्थेच्या नेटवर्कवर मी तो देणार नाही.

आणि ही स्क्रिप्ट बदलाच्या आधीही चालवा. रात्री काम सुरू करायच्या आधीचा निकाल एका फाइलीत, काम संपल्यावरचा दुसऱ्या फाइलीत, आणि फक्त फरक बघा. वळवाच्या पावसात पाटोद्याची लाइन संध्याकाळपासूनच गेलेली असते, रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केजजवळ फायबर तोडलेलं असतं. आधीचा निकाल नसेल तर रात्री एक वाजता तुम्ही तुमच्या चांगल्या बदलावर संशय घेऊन तो मागे फिरवत बसता.

चोवीस तासांच्या राखणीसाठी सिस्कोवर आयपी एसएलए आहे. आयसीएमपी इकोचा, म्हणजे पिंगचाच, एक प्रोब, सोर्स लॅनचा, दर ६० सेकंदांनी, कायम चालू. मूळ आकार २८ बाइट डेटाचा असतो, म्हणून मोठ्या आकाराचा दुसरा प्रोब वेगळा लावा. त्याला ट्रॅक (प्रोबच्या निकालावर नजर ठेवणारी सोय) जोडा आणि खाली जायला व वर यायला थोडा विलंब द्या, नाहीतर एक पॅकेट हुकलं की संदेशांचा पाऊस पडतो. ट्रॅक बदलला की ईईएमच्या ॲपलेटने (घटना घडली की राऊटरवर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) त्याच क्षणी ट्रेसरूट आणि रूटिंग टेबल फ्लॅशवर उतरवून ठेवावं. बिघाड चालू असतानाचा पुरावा सकाळी मिळत नाही, तो त्याच मिनिटाला घ्यावा लागतो. ईईएमच्या ॲपलेटला मूळ मर्यादा २० सेकंदांची आहे. दोन पिंग पूर्ण अपयशी झाले की २० सेकंद संपले, आणि पुढच्या कृती न करताच ॲपलेट मरतं. मॅक्सरन ही मर्यादा वाढवल्याशिवाय ईईएममध्ये पिंग लिहू नका.

दोन लाइन असलेल्या शाखेत एक सापळा आवर्जून टाळा. मुख्य लाइन तपासणारा प्रोब मुख्य लाइननेच गेला पाहिजे. तसं बांधलं नाही तर लाइन पडते, रूट पर्यायी लाइनवर जातो, आता प्रोबही पर्यायी लाइनने पोचतो, राऊटरला वाटतं मुख्य लाइन सुधारली, रूट परत तिकडे, पुन्हा बंद. दिवसभर हाच खेळ चालतो आणि काउंटरवर दर मिनिटाला सॉफ्टवेअर तुटतं. प्रोबच्या लक्ष्यासाठी मुख्य लाइनच्या गेटवेमार्फत एकट्या त्याच पत्त्याचा स्थिर रूट टाका, आणि त्याच पत्त्याचा जास्त डिस्टन्सचा (कमी पसंतीचा) दुसरा रूट नल इंटरफेसकडे (जिथे पॅकेट टाकून दिलं जातं), म्हणजे लाइन पडली तर प्रोब दुसऱ्या वाटेने पळून जाणार नाही. लक्ष्य म्हणून फक्त एखादा सार्वजनिक डीएनएस ठेवू नका. त्यांनी पिंगला उत्तर देण्याचं वचन कुणाला दिलेलं नाही.

राहिल्या फोरजीच्या शाखा. सिमला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर तो २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने मोबाइल कंपन्यांसारख्या पुरवठादारांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे, तुमचा राऊटर त्यांच्या मोठ्या नॅटच्या (अनेकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी यंत्रणा) मागे आहे. बाहेरून हाक मारायची सोयच नाही. टनेल उभा असेपर्यंत त्यातून बीडहून आत जाता येतं, टनेल पडला की संपलं. अशा ठिकाणी तपासणी शाखेच्या राऊटरनेच करायला हवी आणि नोंदही त्यानेच ठेवायला हवी. "लाइन पडली" हा सिसलॉग (राऊटरने पाठवलेला नोंदीचा संदेश) पडलेल्या लाइनवरूनच जायचा असतो आणि यूडीपीने, म्हणजे पोचपावतीशिवाय, जातो, त्यामुळे तो हरवतो.

मायक्रोटिकवर हे सोपं आहे. स्क्रिप्टमध्ये पिंग चालवलं की ते परत आलेल्या उत्तरांची संख्याच हातात देतं, पाच पाठवली तर शून्य ते पाच. सोर्स पत्ता लॅनचा द्या, शेड्युलरने दर मिनिटाला चालवा, आकडा पाचपेक्षा कमी असेल तेव्हाच लॉगमध्ये ओळ लिहा आणि तो लॉग डिस्कवर जाईल असं करा. रूटवरच्या चेक-गेटवेवर भिस्त ठेवू नका. ते दर १० सेकंदांनी फक्त पुढच्या गेटवेला हाक मारतं, त्याच्या पलीकडे रस्ता आहे की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. मायक्रोटिकचं नेटवॉच चालेल, पण त्याचा साधा प्रकार स्थिती बदलली तरच बोलतो, मधली गळती सांगत नाही.

त्याच ओळीत राऊटरचा अपटाइमही, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे हेही, लिहायला लावा. "नेट गेलं" आणि "लाईट गेली" यांत फरक करायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. टनेल ४० मिनिटं पडलेला होता आणि अपटाइम पाच मिनिटांचा आहे, तर कंपनीकडे तक्रार करण्याऐवजी इन्व्हर्टरची बॅटरी बघा. सिस्कोवर तर हे जास्तच लागतं, कारण बफरमधला लॉग रॅममध्ये असतो आणि लाईट जाताच पुसला जातो. ज्या राऊटरला बॅटरीवरचं घड्याळ नाही तो लाईट आल्यावर १ मार्चची तारीख दाखवत उठतो, आणि वेळ जुळलेली नाही म्हणून लॉगच्या ओळीआधी चांदणी छापतो. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) लावा आणि चांदणीच्या ओळींची वेळ पुराव्याला धरू नका.

सिमचा डेटा संपेल ही भीती रास्त आहे, पण हिशेब करून बघा. ६४ बाइट जायचे, ६४ यायचे, दिवसाला १४४० वेळा, म्हणजे १,८४,३२० बाइट. महिन्याला साडेपाच एमबी. एका वेळी पाच पॅकेट पाठवली तर २८, टनेलची शीर्षकं धरून दुप्पट पकडा. आणि या पिंगचा दुसराही उपयोग होतो. कंपनीच्या नॅटमधली यूडीपीची नोंद वाहतूक थांबली की काही वेळाने पुसली जाते, आरएफसी ४७८७ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत पुसू नये असं म्हटलं आहे, सगळे ते पाळतातच असं नाही. टनेल आयपीसेकचा असेल तर तो नॅटमधून यूडीपी ४५०० वरच जातो. म्हणून फोरजीच्या शाखांवर दोन पिंगमधलं अंतर ६० सेकंदांच्या वर नेऊ नका, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर टनेल पडलेला सापडत असेल तर ते २० सेकंदांवर आणा.